ड्यूकची तक्रार

आज टीवायच्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) वर्गात इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंगची १८४२ सालची ‘माय लास्ट डचेस’ (डचेस म्हणजे ड्यूकची बायको) ही कविता शिकवली. इटलीतल्या फेराराचा ड्यूक, म्हणजे तिथला सत्ताधीश, पडदा सरकवून दिवंगत बायकोचं चित्र दाखवतोय, तेही नव्या सोयरिकीची बोलणी करायला आलेल्या दूताला! तक्रार काय, तर ती सगळ्यांकडे बघून हसायची. मावळतीचा उजेड, कुणीतरी तोडून आणलेली चेरीची फांदी, पांढरं खेचर आणि ड्यूकने लग्नात दिलेलं नऊशे वर्षांचं घराण्याचं नाव, तिला सगळ्याचं कौतुक सारखंच. मग त्याने हुकूम सोडले आणि हसणं थांबलं. लगेच पुढे हुंड्याचा विषय.

५६ ओळी, बोलणारा एकटाच. कवी मध्ये पडून काहीच सांगत नाही. यमकं आहेत, पण वाक्यं ओळ ओलांडून पुढे जातात, म्हणून हे सगळं घरंदाज गप्पांसारखं वाटतं. आणि त्याच्याच तक्रारींतून ती मुलगी आपल्याला आवडायला लागते. याला मी खरी कारागिरी म्हणते.

एका विद्यार्थिनीने विचारलं, “मॅम, दूत परत जाऊन मुलीच्या बापाला काय सांगेल?” घंटा झाली तरी वर्ग त्यावरच भांडत होता. मला विचाराल तर त्याने ते लग्न मोडायलाच हवं.