धुराडं, मुका आणि हळदकुंकू: आजोबांच्या पॉइंट टू-टूची वही

मागच्या दसऱ्यापासून या दसऱ्यापर्यंत आजोबांच्या पॉइंट टू-टू (०.२२ इंची) रायफलीतून १,१४० राऊंड, म्हणजे काडतुसं, उडवून झाले, अडथळे ७१. त्यातले शेवटच्या ३०० राऊंडमधले फक्त दोन. आकडा चांगला दिसतोय म्हणून मिरवायला लिहीत नाही. यातले पहिले आठ महिने मी चुकीच्या गोष्टीवर संशय घेत होतो. तुमच्याही घरात जुनी सेमी-ऑटो (बार झाला की पुढचा राऊंड आपोआप भरणारी) पॉइंट टू-टू असेल तर ते आठ महिने तुमचे तरी वाचावेत.

रायफल आजोबांची. युरोपातली, डबा मॅगझिनची, दहा राऊंडची. कारखान्याचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात दोष त्याचा नाही, आमचा आहे. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर एका परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येऊ लागली. तेव्हा वडिलांनी दोन बाराबोर बंदुकांपैकी एक जमा केली आणि ही ठेवली. त्यांच्यानंतर वारसाहक्काने परवाना माझ्या नावावर झाला. इंदूरच्या मल्हारगंजातल्या घरात ती पूजेसाठी वर्षातून एकदाच बाहेर निघायची, दसऱ्याला. पाटावर ठेवायची, हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि गंजू नये म्हणून खोबरेल तेलाचा हात. साठ-पासष्ट वर्षं हाच क्रम.

त्यामुळे पहिल्या दिवशी रेंजवर काय झालं असेल ते सांगायला नको. एक उडाली, दुसरी अर्धी आत गेली, तिसरीला नुसता ‘टक’. घरी येऊन बोल्ट, म्हणजे राऊंड आत ढकलणारा मागेपुढे सरकणारा भाग, बाहेर काढला तर खोबरेलाचा पिवळा चिकट थर, आणि एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे उडालेलं काडतूस बाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या, खाचेत कुंकू. लाल माती म्हणून मी चिमटीत धरून बघितली, वास घेतला, आणि एकटाच हसत बसलो.

आजोबांचा काडतुसांचा अर्धा भरलेला जुना डबाही सापडला होता. शिसं पांढरं पडलेलं, दोन केसेसना, म्हणजे राऊंडच्या पितळी नळकांड्यांना, चिरा. हे उडवून बघायच्या भानगडीत कुणी पडू नका. मी तो सरळ पोलिस ठाण्यात जमा केला.

अडथळ्यांसाठी मी वहीत तीन अक्षरं ठरवली. ‘न’ म्हणजे नवीन राऊंडचं नाक वर किंवा खाली अडलं, आत गेलंच नाही. ‘ध’ म्हणजे धुराडं. रिकामी केस बाहेर पडता पडता बोल्टमध्ये चिमटली आणि चुलीच्या धुराड्यासारखी उभी राहिली, ते. ‘म’ म्हणजे मुका, पिन पडली पण बार नाही. प्रत्येक अक्षरापुढे मॅगझिन कोणतं, त्यातला कितवा राऊंड, किती वाजता. एवढं लिहिणं कंटाळवाणं आहे, मान्य. पण ‘आज जरा अडकत होती’ अशी नोंद करण्यापेक्षा न केलेली बरी.

पहिल्या २४० राऊंडमध्ये ३८ अडथळे. मग केरोसीनने धुऊन, ब्रशने घासून, पातळ तेलाचे मोजून चार थेंब. पुढच्या ३०० मध्ये २२. सुधारणा झाली, पण अजूनही प्रत्येक दीड मॅगझिनला एकदा थांबायचं.

इथे वही कामाला आली. दोन्ही मॅगझिनना मी बायकोच्या नेलपॉलिशने १ आणि २ असं लिहून ठेवलं होतं. चौदा ‘न’पैकी तेरा मॅगझिन २ चे निघाले. उजेडात धरलं तर त्याची एक ओठाळी, म्हणजे वर राऊंडला धरून ठेवणारा पत्र्याचा दुमडलेला काठ, किंचित बाहेर उघडलेली होती. त्यामुळे राऊंडचं नाक जरुरीपेक्षा वर उठायचं आणि चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला राऊंड बसतो त्या जागेच्या, कडेला टेकायचं. पॉइंट टू-टूची गोळी मऊ शिशाची, एकदा टेकली की तिथेच चपटी होते. मॅगझिन २ बाजूला ठेवलं. पक्कडने ओठाळी वाकवायचा मोह झाला होता, पण दुसरं मिळेल याची खात्री नसताना तो प्रयोग कशाला?

राहिले ते ‘ध’. आणि इथेच मी वाट चुकलो.

बोल्ट-ॲक्शनवाल्यांना हे दुखणं नाही. पॅरिसला २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, तो खेळही पॉइंट टू-टूचाच. पण तिथे बोल्ट हाताने मागे ओढायचा असतो. त्या राऊंडकडून फक्त अचूकता हवी. माझ्या रायफलीला राऊंडकडून अचूकता हवी आणि हमालीही हवी. या रायफलींमध्ये बोल्टला कुलूप नसतं. बार झाला की केस मागे ढकलली जाते, ती बोल्टला ढकलते, बोल्ट स्प्रिंग दाबत मागे जातो, जाताना रिकामी केस फेकतो, येताना नवीन उचलतो. सगळी मजुरी त्या एका राऊंडच्या धक्क्यातून निघते. धक्का कमी पडला की बोल्ट अर्ध्या वाटेतून परत येतो आणि केस धुराड्यासारखी उभी.

मग साधं गणित. ४० ग्रेनची गोळी, म्हणजे २.५९ ग्रॅम. स्टँडर्ड वेगाचा राऊंड सेकंदाला साधारण १,०७० फूट, म्हणजे ३२६ मीटर. हाय-व्हेलॉसिटीतला, म्हणजे जास्त वेगाचा, सीसीआय कंपनीचा मिनी-मॅग १,२३५ फूट, म्हणजे ३७६ मीटर. वजन तेच. बोल्टचा वेग गोळीच्या संवेगाच्या प्रमाणात धरला तर बोल्टला मिळणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे सुमारे ३३ टक्के जास्त. शिवाय मिनी-मॅगच्या गोळीवर तांब्याचा मुलामा असल्याने ती चेंबरमध्ये सरकतेही छान. मॅगझिन १ वरच तुलना केली, दोन्ही प्रकारांचे १५०-१५० राऊंड. स्टँडर्डमध्ये ८ धुराडी, मिनी-मॅगमध्ये १.

झालं, निकाल लागला असं मला वाटलं. वहीत खाली दोन रेघा मारून लिहिलं: ‘हिला हाय-व्हेलॉसिटीच लागते.’

एकच गोष्ट खटकत होती. ५० मीटरवर स्टँडर्डचे पाच-पाच गोळ्यांचे गट, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पसारा, २८ ते ३० मिलिमीटरचे येत होते आणि मिनी-मॅगचे ४५ च्या आसपास. यात त्या राऊंडची चूक नाही, तो मुळात लक्ष्यस्पर्धेसाठी बनलेलाच नाही. आवाजाचा वेग आपल्याकडे मे महिन्यात ४० अंशांना सेकंदाला ३५५ मीटर असतो, जानेवारीच्या सकाळी दहा अंशांना ३३७. मिनी-मॅग नळीतून याच्या वर निघतो आणि वाटेत आवाजाच्या वेगाखाली उतरतो. उतरताना गोळी हेलकावते. स्टँडर्डवाली इंदूरच्या कुठल्याही ऋतूत आवाजाच्या वेगाखालीच सुरू होते आणि खालीच राहते. म्हणजे चालते ती लागत नाही, आणि लागते ती चालत नाही.

स्प्रिंगचा एक वेढा कापायचा सल्ला मला दोघांनी दिला. करू नका. हलक्या स्प्रिंगने बोल्ट लवकर उघडतो, केस अजून दाबाखाली असताना. पितळेची ती भिंत कागदासारखी पातळ, फुटली तर गरम वायू तुमच्या तोंडाकडे. शिवाय बोल्ट दरवेळी मागच्या भिंतीवर आपटत राहणार.

परवान्यावरच्या कोट्यातून वर्षाचे सगळे राऊंड हाय-व्हेलॉसिटीचेच उचलायचं ठरवून मी रविवारी रेंजवर गेलो. तिथे एक निवृत्त सुभेदारसाहेब येतात, मूळचे साताऱ्याकडचे, नोकरीनंतर महूलाच राहिलेले. महू म्हणजे लष्करी नेमबाजांच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटचं गाव. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलात रौप्य मिळवणारे विजय कुमार त्याच युनिटमध्ये तयार झालेले. ती स्पर्धाही सेमी-ऑटो पॉइंट टू-टूची, पाच गोळ्या आधी आठ सेकंदांत, मग सहा, मग चार. चार सेकंदांत धुराडं झालं तर काय, हा विचार करूनच माझ्या पोटात गोळा येतो.

माझी वही बघून सुभेदारसाहेब म्हणाले, “लिहिलंय झकास. पण केसा कुठायत?”

उडवलेल्या केसेस मी श्रीखंडाच्या डब्यात साठवतो. डबा दिला. त्यांनी पोह्यांची प्लेट बाजूला सारली, दहाबारा केसेस रुमालावर ओतल्या, चष्मा कपाळावर चढवला.

“अहो, ह्या समद्यांवर ओरखडा हाय. पिनच्या खुणेच्या बरोबर खाली. ही बघा. आन् ही दुसऱ्या कंपनीची, तीवर बी.”

खरंच होता. सुईनं काढल्यासारखी बारीक उभी रेघ, प्रत्येक केसवर एकाच जागी. मी पन्नास वेळा डबा उघडला होता आणि मला ती दिसली नव्हती, कारण मी राऊंडकडे बघत होतो, चेंबरकडे नाही.

“राऊंड कशाला बदलताय? लहानपणी रिकामी वाजवली व्हती का?”

मी गप्प. आजोबा रायफल साफ करायला बसले की मी आणि माझा चुलतभाऊ दोन्ही बाजूंना. साफसफाई झाली की बक्षीस म्हणून प्रत्येकाला दहा-दहा वेळा घोडा दाबायला मिळायचा. दिवाळीच्या सुट्टीत तर आजोबा झोपले की दहाचे शंभर व्हायचे.

पॉइंट टू-टू हा रिमफायर राऊंड, म्हणजे यात पिन केसच्या बुडाच्या मध्यभागी नव्हे, कडेवर पडते. राऊंड आत असेल तर मऊ पितळ तो मार झेलतं. चेंबर रिकामं असेल तर कित्येक रायफलींत पिन सरळ चेंबरच्या काठावर आदळते. हजारदा आदळली की काठावर खड्डा पडतो, आणि खड्ड्यातला धातू आत चेंबरमध्ये फुगून उभा राहतो. बार होताना केस फुगून त्या उंचवट्यावर बसते आणि निघताना तिथेच धरून ठेवली जाते. स्टँडर्ड राऊंडची ताकद त्या खेचाखेचीत खर्च व्हायची. मिनी-मॅगकडे जोर जास्त, तो ओढून काढायचा. म्हणजे मी ज्याला औषध समजत होतो ते दुखणं झाकत होतं.

तपासायला फार काही लागत नाही. रायफल रिकामी आहे हे दोनदा बघा, मॅगझिन बाहेर, बोल्ट मागे, आणि कान साफ करायची कापसाची काडी चेंबरच्या काठावरून आतून बाहेर गोल फिरवा. माझ्या काडीचे तंतू बरोबर पिनच्या जागी अडकून राहिले.

परवानाधारक कारागिराने कानस लावली नाही, तेच बरं केलं. कानसेने धातू जातो तो जातोच. त्याच्याकडे कठीण पोलादाची निमुळती सळई होती, ती आत सरकवून दाब देत त्याने फुगलेला धातू परत खड्ड्याकडे बसवला. पंधरा मिनिटांचं काम. त्यातली दहा मिनिटं तो मला लहान मुलांच्या हातात बंदूक देण्यावर सुनावत होता. मी मान खाली घालून ऐकलं.

त्यानंतरचे ३०० राऊंड असे: मिनी-मॅग १००, अडथळा शून्य. स्टँडर्ड २००, एक धुराडं, एक मुका. धुराडं सलग ९० राऊंड न पुसता मारल्यावर आलं. गोळीवरचं मेण आणि काजळीचा एकत्र चिखल होतो, त्यामुळे आता ६० नंतर बोल्टचं तोंड आणि एक्स्ट्रॅक्टर ब्रशने झाडतो. नळीला मात्र हात लावत नाही. नळी धुतली किंवा राऊंडचा ब्रँड बदलला की पहिले दहा-पंधरा राऊंड गट पसरतो, मेणाचा थर नव्याने बसेपर्यंत. ते मी गटात धरत नाही.

मुक्याबद्दल थोडं. नळी टार्गेटकडेच ठेवून पूर्ण तीस सेकंद थांबलो, मग काढला. खूण खोल आणि स्पष्ट होती. वळवून दुसऱ्या जागी पिन पाडली तर उडाला. रिमफायरमध्ये पिनच्या माराने पेटणारं मिश्रण ओलं घालून केस गरगर फिरवतात, म्हणजे ते कडेत सगळीकडे पसरतं. एखाद्या केसमध्ये एखादी जागा कोरडी राहते. खूण खोल असून मुका राहिला तर राऊंड, खूण उथळ असेल तर पिन किंवा घाण, एवढं ओळखता आलं की निम्मी चिंता कमी होते. आणि बार नेहमीपेक्षा ‘फुस्स’ झाला तर पुढचा मारण्याआधी नळीतून आरपार उजेड बघा. गोळी आत अडकलेली असू शकते, आणि सेमी-ऑटोत बोट थांबवायलाच उशीर होतो.

आता ४० ग्रेनचे स्टँडर्ड हेच माझे राऊंड. पुढे एसके आणि एली या कंपन्यांच्या राऊंडचे दोन प्रकार शेजारी शेजारी लावून बघायचे आहेत, जानेवारीच्या थंडीत. मेण घट्ट झाल्यावर पहिले तीन राऊंड कसे जातात ते मला बघायचं आहे. मॅगझिन २ अजून तसंच पडलंय.

काल दसरा झाला. आई हळदकुंकवाची कुयरी घेऊन आली तेव्हा मी बोल्ट आधीच काढून कपाटात ठेवला होता. म्हटलं, फक्त लाकडाला लाव.

“लाकडाला लावायचं तर पाटालाच लावते की,” ती म्हणाली. “पूजा लोखंडाची असते.”

शेवटी बटाच्या, म्हणजे लाकडी दस्त्याच्या, मागच्या लोखंडी पट्टीवर एक बोट हळद, एक बोट कुंकू. खोबरेलाची वाटी मात्र तिने स्वतःहून मागे घेतली. नंतर चुलतभावाचा पुण्याहून फोन आला. त्याला ओरखड्याची गोष्ट सांगितली. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “शंभर नाही रे, मी दोनशे वेळा दाबायचो.”