प्रस्तावातलं आठवं नाव

मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा, म्हटलं की लोकांना बुरखा घातलेले आरोपी आणि जाळीची गाडी आठवते. मला आठवतो तो क्राईम चार्ट. आडव्या कागदावर छापलेला, आरोपींच्या आधीच्या गुन्ह्यांचा तक्ता: पोलीस स्टेशन, गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं, दोषारोपपत्राची तारीख, कोर्टाचा केस नंबर, सद्यःस्थिती. पुण्यात एका सहायक आयुक्तांच्या ऑफिसात मी रायटर, म्हणजे कागदपत्रं सांभाळणारी पोलीस, होते. आता हवालदार म्हणून निवृत्त आहे. मोक्काचा तपास उपअधीक्षक किंवा सहायक आयुक्त दर्जाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही. त्यामुळे हद्दीतली असली सगळी प्रकरणं फिरून आमच्याच टेबलावर यायची.

ज्या दिवसाबद्दल सांगतेय तो २०२२ च्या पावसाळ्यातला. उपनगरातल्या एका स्नॅक्स सेंटरच्या मालकाने हप्ता द्यायला नकार दिला. रात्री आठ पोरं दुचाकींवर कोयते घेऊन आली. रस्त्यावरच्या गाड्या फोडल्या, मालकाच्या हातावर वार केला आणि ‘इथले भाई आम्ही’ म्हणून आरडाओरडा करत निघून गेली. भादंवि ३०७ (खुनाचा प्रयत्न), ३८७ (जिवाची भीती घालून खंडणी), दंगलीची कलमं, आर्म्स ॲक्ट आणि क्रिमिनल लॉ अमेंडमेंटचं कलम ७, असा गुन्हा दाखल झाला. आठही जण लगेच हाती लागले. मी सांगतेय त्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची कोठडी संपत होती. साध्या गुन्ह्यात फार तर १५ दिवस पोलीस कोठडी मिळते, मोक्कात ३०. म्हणजे संध्याकाळपर्यंत प्रस्ताव अपर आयुक्तांकडे जायला हवा होता, कारण उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची आगाऊ मंजुरी नसेल तर मोक्काचं कलम लावताच येत नाही.

पोलीस स्टेशनच्या पीआय (पोलीस निरीक्षक) साहेबांनी सकाळीच चार्ट पाठवला. सोबत निरोप, ‘टोळीप्रमुखावर सात गुन्हे, आरामात बसतंय.’

आरामात काही बसत नव्हतं. कायद्याला गेल्या दहा वर्षांतली एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रं लागतात, तीही तीन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या दखलपात्र गुन्ह्यांची, आणि कोर्टाने त्यांची दखल घेतलेली असावी लागते. मी पेन्सिल घेऊन बसले. दोन गुन्हे २०११ चे, मुदतीबाहेर. दोनांत नुसती ३२३, ५०४ आणि ५०६ चा पहिला भाग, शिक्षा कमी. एकाचा तपासच चालू होता. तडीपारीचा आदेश चार्टमध्ये ठळक अक्षरांत घातला होता, पण तो प्रतिबंधक कारवाईचा, इथे मोजत नाहीत. खाली उरले दोन: २०१९ ची ३२६ ची मारामारी आणि २०१५ ची एक खंडणी. त्या खंडणीच्या ओळीत कोर्टाच्या केस नंबरचा रकाना कोरा.

आमच्या साहेबांनी, म्हणजे सहायक आयुक्तांनी, चष्म्यावरून बघितलं. “कोर्टात जा. कागद आणल्याशिवाय येऊ नका.”

शिवाजीनगर कोर्टात जुनं प्रकरण शोधणं हा एक स्वतंत्र तपासच असतो. निकाल लागलेल्या केसेसचे गठ्ठे, त्यात पावसाळ्याचा ओलसर वास आणि खिडकीवर “नंबर सांगा, नंबराशिवाय सापडत नाही” म्हणणारा क्लार्क. नंबरच तर शोधायला आले होते! शेवटी गुन्हा रजिस्टर नंबर आणि आरोपीचं नाव यांवरून एका जुन्या रजिस्टरात नोंद सापडली, आणि त्या दयाळू माणसाने जेवायला न जाता गठ्ठा काढून दिला.

फिर्यादी वडापावची गाडी लावणारा, मूळचा सोलापूरकडचा. आठवड्याला ५०० रुपये मागत होते. त्याने काही महिने दिले. मग एकदा मुलाच्या आजारपणामुळे नाही दिले, तर तेलाची कढई लाथाडली. जबाबाच्या खाली वाकड्यातिकड्या अक्षरांत सही. दोषारोपपत्र कोर्टात आलं, त्याच दिवशीच्या रोजनाम्यात आरोपीला समन्स काढल्याची ओळ. म्हणजे कोर्टाने दखल घेतली होती. मला हवी होती ती हीच ओळ.

पुढची पानं चाळायची गरज नव्हती, तरी चाळली. खटला उभा राहिला तेव्हा हाच वडापाववाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, आरोपींना मी ओळखत नाही. फितूर. आरोपी निर्दोष.

मोक्काला त्याने काही फरक पडत नाही. शिक्षा झाली का, हे ती व्याख्या विचारत नाही. दोषारोपपत्र गेलं का आणि दखल घेतली का, इतकंच. मला मात्र तिथे बसून राग येत होता, आणि तो त्या माणसावर नव्हता. मोक्काच्या १९ व्या कलमात साक्षीदाराचं नाव-पत्ता गुप्त ठेवायची, बंद दाराआड सुनावणी घ्यायची सोय आहे. म्हणजे टोळी मोठी झाल्यावर जो साक्ष देईल त्याला आडोसा. टोळी लहान होती तेव्हा ज्याने एकट्याने जाऊन तक्रार दिली, त्याची गाडी त्याच चौकात आणि आरोपी जामिनावर त्याच चौकात. तरी सात वर्षांनी अख्खा प्रस्ताव उभा राहत होता तो त्याच्याच सहीवर.

अर्जंट नक्कल मिळवून परतले तेव्हा दुपार कलली होती.

इथे थोडं विषयांतर. हा कायदा आणला तेव्हा डोळ्यांसमोर आमची कोयतेवाली पोरं नव्हती. नव्वदच्या दशकात मुंबईत बिल्डरांना आणि सिनेमावाल्यांना परदेशातून खंडणीचे फोन यायचे, भर रस्त्यात गोळीबार व्हायचे. टाडा हा दहशतवादविरोधी कायदा १९९५ मध्ये संपला होता. म्हणून २४ फेब्रुवारी १९९९ ला राज्याने अध्यादेश काढला, मग त्याचा कायदा झाला. त्या टोळ्यांसाठी घडवलेलं हत्यार आज उपनगरातल्या गल्लीत चालतं. ते चालू नये असं माझं म्हणणं नाही. गल्लीतल्या हातगाडीवाल्याला गल्लीतला भाईच दाऊदइतका असतो. पण ज्याच्यावर ते चालतं त्याचा जामीन जवळपास बंद होतो आणि दोषारोपपत्राची मुदत ९० वरून १८० दिवसांवर नेता येते. तेव्हा यादीत कोणाचं नाव आहे हे बघायलाच हवं.

त्याच संध्याकाळी हाच प्रश्न समोर आला. आठवं नाव एकोणीस वर्षांच्या पोराचं होतं. आधीचं रेकॉर्ड काही नाही. तीनपैकी एक दुचाकी तो चालवत होता, कोयता त्याच्या हातात नव्हता.

पीआय साहेब तयारीने आले होते. “सर, दोषारोपपत्रं टोळीवर मोजायची, प्रत्येक सदस्यावर स्वतंत्र लागत नाहीत. हायकोर्टाने २००९ सालीच सांगितलंय.”

“बरोबर आहे,” साहेब म्हणाले. “टोळीवर मोजू. पण हा टोळीत आहे हे कशावरून?”

“प्रमुखाच्या बड्डेचा फोटो आहे, कोयत्याने केक कापतानाचा. हा मागे उभा आहे. आणि आरोपी क्रमांक तीनशी रोजचे कॉल आहेत.”

“क्रमांक तीन याचा कोण?”

पीआय साहेब जरा थांबले. मीच कागद बघून सांगितलं, “सर, मामेभाऊ.”

“मामेभावाशी रोज बोलतो म्हणून मोक्का? पैशातला वाटा, आधीची एखादी हप्ता वसुली, काही आहे?” नव्हतं. साहेबांनी चार्टवरची आठवी ओळ खोडली. ३०७ मध्ये तो आरोपी राहणारच होता, मोक्काच्या प्रस्तावातून तेवढा गेला. मला म्हणाले, “लिहा, संघटित टोळीशी संबंधाबाबत तपास चालू.”

बाहेर पॅसेजमध्ये पीआय साहेब माझ्यावर उखडले. “ताई, कारवाई अर्धवट झाली असं दिसतं. पेपरात सात जणांवर मोक्का येणार, लोक विचारणार आठवा कुणाचा जावई?” मी म्हटलं, पुरावा मिळाला तर नाव नंतर घालता येतं, मंजुरी गुन्ह्याला असते, एकेका माणसाला नाही, सुप्रीम कोर्टाने २००७ मध्येच तसं सांगितलंय. त्यांनाही ते माहीत होतं. पण नंतर पुरावा शोधायला कोणाला सवड असते? आपल्याकडे कितवा मोक्का हे मोजतात. आत गेलेल्यांपैकी कितीजण त्या टोळीचे होते, हे कोणी मोजत नाही.

रात्री मंजुरी आली. सात जण येरवड्यात गेले. त्या पोराला काही महिन्यांनी जामीन मिळाला.

तो सुधारला, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. पुढे दुसऱ्या पोलीस स्टेशनच्या एका चार्टमध्ये त्याचं नाव दिसलं, या वेळी स्वतःच्या दोषारोपपत्रासह. पीआय साहेबांनी मुद्दाम फोन केला, “बघा ताई.” बघितलं. तरी मला वाटतं, त्या दिवशीच्या कागदांवर साहेबांनी केलं तेच योग्य होतं. पुढच्या गुन्ह्याची शिक्षा आगाऊ देता येत नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत १११ वं कलम आलंय, संघटित गुन्हेगारीचं. दोन दोषारोपपत्रांचा हिशेब तिथेही आहे. जामिनाचे मोक्कातले कडक निर्बंध त्यात नाहीत, हे खरं. पण उपमहानिरीक्षकाच्या मंजुरीची पायरीही नाही. पोलीस स्टेशनमध्येच कलम लावता येतं. आठवी ओळ खोडायला वर कोणी बसलेलं नाही, याची मला काळजी वाटते.

माझ्या जागी आलेला पोरगा परवा फोनवर विचारत होता, “मॅडम, जुन्या केसचा नंबर सापडत नाही, कोर्टात कसं शोधायचं?” त्याला सांगितलं, आरोपीचं नाव आणि गुन्हा नंबर घेऊन जा, जेवणाच्या सुट्टीच्या आधी पोच, आणि दखलीची ओळ मिळाली तरी गठ्ठा तिथेच बंद करू नकोस, निकालापर्यंत वाच.