तुम्ही विचारलंत म्हणून: कीबोर्ड छोटा की मोठा

परवा परत फोन आला, "सर, पोराला कीबोर्ड घ्यायचाय, छोटा घेऊ की मोठा?" आणि मी परत "तुमच्या बजेटवर आहे बघा" म्हणून ठेवून दिला. खोटं बोललो. जुळे सोलापुरात घरी आठ-दहा पोरं शिकायला येतात म्हणून लोकांना वाटतं ह्याच्याकडं पक्कं उत्तर असणार, आणि मी दर वर्षी वेगळं सांगतो म्हणून काही जण चिडलेत पण. तर एकदाच लिहून टाकतो.

आधी मला सांगा, छोटा म्हणजे काय छोटं? कीज कमी असणं वेगळं आणि कीज बारीक असणं वेगळं, दुकानात दोन्हीला कॉम्पॅक्टच म्हणतात. साध्या कीबोर्डवर सा ते नी ह्या सात पांढऱ्या कीज साडेसोळा सेंटीमीटरच्या आसपास बसतात, मग तो 49 कीजचा असो नाहीतर 88 चा. मिनी कीजमध्ये ते सप्तकच आक्रसतं. मला हे माहिती नव्हतं असं नाही हां. माहिती होतं, फक्त मी ते मनावर घेतलं नाही.

तेव्हा नोकरी पुण्यात. सोमवारी पहाटे हुतात्मा एक्सप्रेस, शुक्रवारी संध्याकाळी परत हुतात्मा, खांद्यावर लॅपटॉप, हातात शेंगा चटणी आणि कडक भाकरीची पिशवी. घरचा 61 कीजचा मीटरभर लांब, तो ह्यात कुठं कोंबणार? म्हणून 37 मिनी कीजचा घेतला. अर्धा मीटर लांबी, वजन सव्वा किलो, चार पेन्सिल सेलवर चालतो, मोबाईलच्या चार्जरवरपण चालतो. इतका खूश होतो की भेटेल त्याला ऐकवायचो, पेटीला तरी साडेतीनच सप्तकं असतात, त्याच्यावर लोकांनी जन्म काढले, तुम्हाला 61 कशाला पायजेत?

हे ऐकायला बिनतोड वाटतं. पण पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर असतो, वाजवतो एकटा उजवा. कीबोर्डवर डाव्या हाताच्या कॉर्डला, म्हणजे एकदम दाबायच्या सुरांना, दीड सप्तक दिलं की 61 मधून उरतात साडेतीन, म्हणजे बरोब्बर पेटीएवढे. 37 मधून उरतं दीड. हा हिशोब कुणीतरी तेव्हा माझ्या तोंडावर मारायला पाहिजे होता.

सात-आठ महिने रोज रात्री त्याच्यावर हात फिरवला आणि मग कोजागिरी आली. आमच्या गच्चीवर दर कोजागिरीला भजन असतं. बाबांचे दोस्त, सगळे मिलमधले, मिल बंद पडून जमाना झाला पण मंडळ टिकलंय. त्या वर्षी बुवांनी स्वतः सांगितलं, पेटी राहू दे, पोरगा वाजवंल. मी घरचा मोठा कीबोर्ड वर नेला, एक्सटेन्शन बोर्ड लावला, शर्टपण नवा. बुवांची पट्टी काळी एक, म्हणजे सा पहिल्या काळ्या कीवर. पहिले दोन अभंग संथ होते, निभावले. तिसऱ्याला लय वाढली आणि खालच्या सा वरून वरच्या सा वर उडी मारायची होती, बोट पडलं नी वर. परत मारली, परत नी. हात त्या बारीक कीजच्या मापानंच जायचा आणि एक की अलीकडं थांबायचा. मान खाली घालून की बघून वाजवायला लागलो तर ठेका सुटला. बुवांनी एक डोळा उघडला आणि टाळ तसाच चालू ठेवून म्हणाले, "हात आखूड का पडायलाय बे?" सगळे हसले. मीपण हसलो. पुढच्या अभंगाच्या आधी कुणीतरी काही न बोलता पेटी पुढं ओढली, आणि मला म्हणाले, "तू तोवर दूध बघ की."

मी खाली जाऊन आईच्या शेजारी दूध ढवळत उभा राहिलो. वर पेटी सुरू झाली. बुवांचा नातू वाजवत होता, आठवीतला. बाबा त्या रात्रीबद्दल माझ्याशी अजून एक शब्द बोललेले नाहीत.

आता लगेच म्हणाल, बघा, मिनी कीजनं हात बिघडला. मीही तेच म्हणायचो. पण पेटी आणि कीबोर्ड, दोन वेगळ्या मापांच्या कीज वाजवणारी माणसं ह्या गावात ढिगानं आहेत, त्यांचे हात नाही आखडत. खरं सांगायचं तर त्या आठ महिन्यांत हेडफोन लावून मी त्याच दोन-तीन चाली घोळवायचो, डावा हात बहुतेक मोबाईलवर. मग दोष कीजचा किती आणि माझा किती? नाही सांगता येत.

पण राग कुठंतरी काढायचा होता. मी लोकांना दरडावायला लागलो, फुल साईझ 61 नाहीतर शिकवणार नाही. विडी घरकुलातली एक बाई लेकीला घेऊन आली होती, विड्या वळून घर चालवणारी, एका खोलीत पाच माणसं. 32 कीजचा छोटा चालंल का, म्हणाली. मी नाही म्हणलं. तिनं पैसे साठवून मोठा घेतला तोवर पोरगी यायची बंद झाली होती. तो कीबोर्ड कपाटावर चादरीखाली झाकलेला मी स्वतः बघून आलोय. छोट्यावर ती टिकली असती का माहिती नाही, पण सुरुवात तरी झाली असती ना.

88 चं मला विचारूच नका. यामाहाचा पी-45 साडेअकरा किलोचा, कीज पियानोसारख्या जड, मुरकी, म्हणजे सुरांची झटपट गिरकी, घ्यायला बोटं दमतात. पियानोच शिकायचा असेल तर घ्या.

प्रवासाला काय, तर कॅसिओचा सीटी-एस200 बघा, 61 पूर्ण मापाच्या कीज, 3.3 किलो, उचलायला हँडल, सेलवर चालतो. तो तेव्हा मला परवडला असता का, हे सोडा. आणि घरात जागाच नसेल तर मिनी घ्या, मी काही बोलणार नाही. बोललो तर माझंच हे दाखवा.

माझा 37 चा अजून आहे. मे महिन्यात दुपारी लाईट गेली की तोच काढतो, फॅन बंद, घाम टिपत वाजवत बसतो. कोजागिरीच्या महिनाभर आधी मात्र तो कपाटात जातो. बोलावणं अजून आलेलं नाही, पेटी नातूच वाजवतो.