तुम्ही विचारलंत म्हणून: आमदार पक्ष सोडून जातात, तरी मत का देता?

गोव्याबाहेरचे नातेवाईक आणि ओळखीचे लोक मला हा प्रश्न इतक्यांदा विचारतात, की एकदा नीट उत्तर लिहावं असं वाटलं. तुमच्याकडे आमदार एका चिन्हावर निवडून येतात आणि थोड्या दिवसांत दुसऱ्याच पक्षात जाऊन बसतात, मग तुम्ही मत देता ते कशासाठी? पुण्याचा माझा भाचा त्याच्याही पुढे जातो. "मावशी, तुम्ही शिकलेली माणसं, रोज पेपर वाचणारी. तुम्हाला राग येत नाही?"

राग येतो. पण तो नेमका कुणाचा यायला हवा, हे मला कळायला बराच काळ लागला, आणि उत्तर तिथंच आहे.

2022 चीच निवडणूक घ्या. 14 फेब्रुवारीला मतदान झालं, जवळजवळ ऐंशी टक्के. त्याआधी काँग्रेसनं आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या फुलांच्या खुरसापाशी (क्रॉसपाशी) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली होती. पक्षाचे 11 आमदार निवडून आले. 14 सप्टेंबरला, मतदानाला बरोबर सात महिने झाले त्या दिवशी, 11 पैकी 8 जण भाजपमध्ये गेले.

त्या शपथेनं मी तेव्हाच अस्वस्थ झाले होते. देवासमोर गाऱ्हाणं घालणं, कौल मागणं यातच आम्ही अंत्रुज महालातली, म्हणजे फोंड्याकडची, माणसं वाढलो, त्यामुळे श्रद्धेबद्दल माझी तक्रार नाही. पण आमदाराचा शब्द मतदाराला दिलेला असतो. तो पाळला जाईल याची हमी देवाकडे मागावी लागते, याचा अर्थ कायद्याकडे ती हमी नाही.

कायदा नाही असं नाही. 1985 साली 52 व्या घटनादुरुस्तीनं, पक्ष सोडणाऱ्या आमदाराला अपात्र ठरवणारं, दहावं परिशिष्ट आलं. सुरुवातीला एक तृतीयांश आमदार फुटले तरी त्यांना धक्का लागत नसे. 2003 मध्ये 91 व्या दुरुस्तीनं ती वाट बंद केली, पण दुसरी राहिली: विधिमंडळ पक्षाचे दोन तृतीयांश आमदार दुसऱ्या पक्षात विलीन व्हायला तयार असतील तर ते अपात्र ठरत नाहीत. आता गोव्याचे आकडे बघा. मार्च 2019 मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे (मगोचे) 3 पैकी 2 आमदार भाजपमध्ये गेले. त्याच वर्षी जुलैत काँग्रेसच्या 15 पैकी 10. मग 2022 मध्ये 11 पैकी 8. तिन्ही वेळा कायद्याला लागतात तितकेच, एकही जास्त नाही. ज्याला मनापासून विचार पटला तो एकटासुद्धा जाईल. इथं मोजणी आधी झाली आणि विचार नंतर पटला, असंच मला हे आकडे पाहून वाटतं. चाळीस जणांच्या सभागृहात एखाद्या पक्षाचे दोन तृतीयांश म्हणजे एका खोलीत बसून ठरवता येईल इतकी माणसं. दोनशे अठ्ठ्याऐंशींच्या महाराष्ट्र विधानसभेत जी अट थोडीतरी जड जाते, ती आमच्याकडे अडसर ठरतच नाही.

भाजपचे विरोधक हे सगळं त्या एका पक्षाच्या माथी मारतात. मला ते पटत नाही. 1990 मध्ये काँग्रेसमधून फुटलेल्यांनी आणि मगोनं मिळून सरकार बनवलं, तेव्हा एक मुख्यमंत्री जेमतेम अठरा दिवस टिकले. 1994 च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या एकांचं मुख्यमंत्रिपद आठवडाभरही राहिलं नाही. पक्षांतराबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकालही त्याच वर्षी गोव्यातूनच गेलेल्या खटल्यात लागला, माजी मुख्यमंत्री रवी नाईक यांच्या. राजीनाम्याचा कागद दिला नाही तरी वागणुकीवरून एखाद्यानं स्वेच्छेनं पक्ष सोडला असं धरता येतं, असं न्यायालयानं त्यात सांगितलं. म्हणजे हा प्रश्न किती जुना आणि किती आमचा आहे बघा.

न्यायाबद्दल मला सगळ्यात जास्त टोचतं ते वेळेचं. 2019 च्या त्या दहा जणांविरुद्धच्या अपात्रतेच्या अर्जांवर सभापतींनी निर्णय दिला एप्रिल 2021 मध्ये, अर्ज फेटाळून. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेलं आणि निकाल लागला 24 फेब्रुवारी 2022 ला. तोही आमदारांच्या बाजूनं. पण तो कुणाच्या बाजूनं लागला हे क्षणभर बाजूला ठेवा आणि तारीख बघा. त्याआधी दहा दिवस आम्ही पुढच्या विधानसभेसाठी मतदान करून मोकळे झालो होतो. निकाल उलटा लागता तरी त्या पाच वर्षांतलं आम्हाला काय परत मिळालं असतं? मणिपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये सांगितलं, की सभापतींनी असे अर्ज साधारण तीन महिन्यांत निकाली काढावेत, आणि हे काम सभापतींकडून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे देण्याचा संसदेनं विचार करावा. सभापती शेवटी कुठल्यातरी पक्षाचे आमदारच असतात. त्यांच्याकडे हा निवाडा सोपवणं मला त्या पदावरही अन्याय वाटतो.

एवढं झालं कायद्याचं. पण कायदा उद्या कडक झाला तरी पक्षांतराचं मूळ जाईल असं मला वाटत नाही, कारण ते मूळ आमच्या वाड्यावर, आमच्या वस्तीतच आहे.

गोव्यात एका मतदारसंघात पंचवीस-तीस हजार मतदार. 2022 मध्ये सांत आंद्रेची जागा 76 मतांनी ठरली. इथं आमदार लग्नाला येतो, बाराव्याला येतो, चवथीला घरोघरी फिरतो. ही जवळीक मला आवडते, मोठ्या राज्यांतल्या लोकांच्या नशिबी ती नाही. पण तिच्यासोबत एक समजूत येते. आमदार पक्ष सोडून सत्ताधाऱ्यांत गेला की शेजारीपाजारी रागावण्याऐवजी म्हणतात, "सत्तेंत नासल्यार कामां कशीं जातलीं?" (सत्तेत नसल्यावर कामं कशी होणार?) स्वतः आमदारही हेच सांगतो: मतदारसंघाच्या विकासासाठी गेलो. लोक मान डोलावतात. पुढच्या वेळी त्यातले काही जण पुन्हा निवडूनही येतात.

या वाक्यापाशी थांबायला हवं. विरोधी आमदाराच्या मतदारसंघातली कामं का होऊ नयेत? तिथले लोक कर भरत नाहीत? मागे आमचा आमदार विरोधी बाकांवर होता, तेव्हा व्हाळावरच्या साकवाचं काम अडलं होतं. पावसात मुलांना लांबच्या वाटेनं शाळेत जावं लागायचं. आमदार विरोधातला म्हणून फाइल हलत नाही, असं सगळे म्हणत. ती खरंच अडवली होती की नुसतीच रखडली होती, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. कोणतं काम कोणत्या क्रमानं आणि का मंजूर होतं, याचं कारणच लोकांसमोर येत नसेल तर अफवा खरी मानण्यावाचून माणूस करणार काय? रस्ता, नळ, साकव हे हक्कानं मिळत नाहीत, मर्जीनं मिळतात, अशी समजूत एकदा घट्ट बसली की पक्ष सोडणारा आमदार लोकांना कर्तबगार वाटू लागतो आणि विरोधात टिकून राहणारा बिनकामाचा. मला राग येतो तो या मर्जीच्या कारभाराचा. पळणाऱ्या आमदाराला सबब तोच पुरवतो.

नोकऱ्यांचंही तसंच. गोव्यात सरकारी नोकरीसाठी आमदाराच्या दारात जाणं इतकं अंगवळणी पडलंय, की आईवडिलांना त्यात वावगं काही वाटत नाही. 2024 च्या अखेरीस सरकारी नोकरी लावून देतो म्हणून पैसे घेतल्याच्या तक्रारी एकामागून एक पोलिसांत गेल्या, अटका झाल्या. पैसे देणारी माणसं तुमच्याआमच्यासारखीच होती, काहींनी दागिने मोडले असतील. त्यांना हावरट म्हणणं सोपं आहे. पण चिठ्ठीशिवाय नोकरी मिळते यावर त्यांचा विश्वासच उरला नव्हता.

म्हणून तंत्रज्ञानाकडे मी आशेनं बघते, मात्र लोक बघतात त्या जागी नाही. आमदारांची जुनी भाषणं मोबाइलवर सापडतात, विधानसभेचं कामकाज घरबसल्या बघता येतं, हे चांगलंच आहे. पण पक्षांतराच्या दिवशी प्रत्येकाच्या फोनवर तोच व्हिडिओ फिरतो, दोन दिवस सगळे चिडतात आणि तिसऱ्या दिवशी दुसरा विषय येतो. त्या रागातून हाती काही लागत नाही. खरा फरक पडतो तो कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टींनी. जमिनीचा एक-चौदाचा उतारा (आमचा सातबाराच म्हणा) आता घरी बसून बघता येतो, त्यासाठी ओळख लागत नाही. 2019 च्या कायद्यानं कर्मचारी निवड आयोग आला, 'क' गटाच्या पदांसाठी संगणकावर परीक्षा होऊ लागल्या. ज्या मुलीला परीक्षेतल्या गुणांवर नोकरी मिळेल, तिच्या घरातली चार मतं कुणाच्या उपकाराखाली राहणार नाहीत. यादी उघड असली, क्रम उघड असला, की आमदाराची मर्जी तेवढी कमी होते. तशीच प्रत्येक मतदारसंघातल्या कामांची यादी, मंजुरीच्या तारखेसकट आणि नाकारण्याच्या कारणासकट, लोकांना दिसायला हवी. ते करायला फार मोठं तंत्रज्ञान लागत नाही. इच्छा लागते, आणि ती सत्तेतल्या कुठल्याच पक्षाला सहजी होणार नाही, म्हणून मागत राहावं लागेल.

आता भाच्याच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. मत न दिल्यानं पळणाऱ्या आमदाराचं काहीच बिघडत नाही, त्याला उलट थोड्या मतांत निवडून येता येतं. 76 मतांनी जागा ठरते तिथं माझं आणि माझ्या शेजारणीचं मत कमी किमतीचं नाही. शिवाय 1961 च्या डिसेंबरपर्यंत आमच्या आजीआजोबांना आपलं सरकार निवडायचा अधिकारच नव्हता. 1963 मध्ये पहिल्या विधानसभेसाठी ते मतदानाला गेले. 1967 च्या जनमत कौलात गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा, हेही त्यांनीच मतपेटीतून ठरवलं. आमच्या घरात त्या कौलात दोन बाजू होत्या, आमच्यासारख्या मराठी घरांत तर वाद फारच तापले. पण हरलेल्या बाजूनंही निकाल मानला. निवडून आलेल्यांनी दुसऱ्या दिवशी तो फिरवला असता तर तो वाद आजही मिटला नसता.

पुढची विधानसभा निवडणूक 2027 मध्ये आहे. प्रचाराला जो दारात येईल, त्याला आम्ही पाणी देऊ, बसायला सांगू, ती इथली रीतच आहे. मग दोन गोष्टी विचारू. पक्ष सोडावासा वाटला तर आधी राजीनामा देऊन पुन्हा आमच्याकडे मत मागायला याल का? आणि विरोधात बसावं लागलं तर आमच्या कामांची यादी, ती कुठे अडली आणि कुणी अडवली यासकट, दर सहा महिन्यांनी ग्रामसभेत आणून वाचून दाखवाल का? जो हो म्हणेल त्याच्याकडून ते कागदावर सहीनिशी घेऊ आणि पंचायतीच्या फलकावर लावू.