माझा अनुभव: फायबरची शिडाची बोट, आणि न आलेले टेक्निकल साहेब

माझा धंदा पॅटर्नचा, मिरज एमआयडीसीत. फाउंड्रीवाल्यांना ओतकामासाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे नमुने, करून देतो, 20 वर्षं झाली. त्यामुळं मला वाटलं, बोट म्हणजे काय, मोठा पॅटर्नच की. ते निम्मं खरं निघालं.

डोक्यात किडा घातला तो जे/24 या शिडाच्या बोटीनं. रॉड जॉन्स्टन म्हणून एक माणूस, त्यानं घराच्या गॅरेजात 24 फुटी बोट बांधली, 1976 ला ती शर्यती जिंकायला लागली, 1977 पासून तिचं फायबरचं उत्पादन सुरू झालं आणि आजवर पाच हजारांवर बोटी झाल्या, सगळ्या एकसारख्या. म्हणजे शर्यतीत बोट नाही, माणूस जिंकतो. आणि त्याच बोटीत रात्री चार जण झोपूही शकतात. हे वाचून मी बायकोला म्हटलं आपण 16 फुटी करू, दोघं झोपण्यापुरती. पाण्याला लागणारी लांबी 14 फूट, तिच्या वर्गमुळाला 1.34 नं गुणलं की साधारण 5 नॉट, म्हणजे ताशी 9 किलोमीटर, याच्या पुढं असली जड बोट सहसा जात नाही. ती म्हणाली एवढ्यात तर मी सायकलवरून पुढं जाईन. असो.

आपल्याकडं कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात त्या वल्ह्याच्या, शिडाचं कुणाला काही माहीत नाही, म्हणून विचारायला माणूसच नव्हता. प्लग, म्हणजे ज्यावरून मोल्ड (साचा) काढायचा तो बोटीचा नमुना, मी स्वतः केला, प्लायवूडच्या फासळ्या, वर पट्ट्या, वर लांबी (पुट्टी), आणि मग पॉलिश पेपर घासून घासून खांदे गेले. ड्राफ्ट, म्हणजे मोल्ड सुटायला लागणारा उतार, नीट दिला होता, कुठंही उलटा उतार नाही, त्यामुळं प्लगवरून मोल्ड असा सुटला की फायबरवाला बघतच राहिला. इथवर सगळं झकास. (मेणाचे सात हात मारले होते आणि वर पीव्हीएचा पातळ पापुद्रा, मेणात कंजुषी करू नका, सुटला नाही तर प्लगही गेला आणि मोल्डही.)

फायबरवाला आपला कुपवाडचा, टाक्या, दरवाजे, शेडचे पत्रे करणारा. हात चांगला, पण त्याचं बहुतेक काम सपाट नाहीतर उथळ. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, त्याच्याही नाही.

दिवाळीनंतर मोल्डमध्ये बोटीचा पहिला जेलकोट, म्हणजे सगळ्यात बाहेरचा रंगीत थर, मारला. पांढरा, ब्रशनं, चौरस मीटरला 600 ग्रॅम धरून दोन हातांत, म्हणजे साधारण अर्धा मिलीमीटर. हार्डनर (घट्ट करणारं द्रव्य) वजन करून 2 टक्के. दोन तासांनी मोल्डच्या बाजूला हाताचं बोट लावलं तर चिकट पण बोटाला रंग नाही, म्हणजे बरोबर. दुसरा हात मारला आणि वीस मिनिटांत तळाला सुरकुत्या! उकळलेल्या दुधावर साय येते ना, डिट्टो. बाजू एकदम कडक, फक्त तळ, कण्याच्या दोन्ही अंगाला दीड-दोन फूट.

सप्लायरला फोन केला. पहिलं वाक्य, "हार्डनर कमी पडला असणार." म्हटलं एकाच बादलीतला माल आहे, बाजू कशा धरल्या? मग म्हणे थंडी आहे. दुपारी एक वाजता शेडमध्ये 31 डिग्री, मी थर्मामीटरचा फोटो पाठवला. मग म्हणे तक्रारीचा फॉर्म भरा. फॉर्ममध्ये बॅच नंबर पाहिजे, आणि यांच्याच बिलावर बॅच नंबर छापलेला नाही, डब्यावरचं लेबल रेझिन सांडून वाचता येत नाही. तीन दिवस यातच गेले. शेवटी म्हणाले टेक्निकल साहेब येऊन बघतील, तोपर्यंत मोल्डला हात लावू नका, आहे तसा ठेवा, नाहीतर डबा बदलून मिळणार नाही.

तसाच ठेवला की! सोमवारी येतो म्हणाले, सोमवारी साहेब पुण्यात. मग हुबळीत. मग घरी लग्न. मी रोज सकाळी साडेदहाला फोन करायचो, पलीकडची मुलगी माझा आवाज ऐकूनच "सर, उद्या नक्की" म्हणायची, तिचा काय दोष म्हणा. इकडं फायबरवाल्याच्या शेडमध्ये 16 फुटी मोल्ड आडवा पडलेला, त्याच्या टाक्या बाहेर उन्हात, तो माझ्याशी धड बोलेना. असे 35 दिवस. नोकरदार माणूस असतो तर एवढ्यात नादच सोडला असता.

सुटलं ते कसं, तर शेजारच्या गाळ्यात बसचे फ्रंट शो (पुढचं फायबरचं तोंड) करणारे एक मामा आहेत, ते तंबाखू मळत आले, मोल्डमध्ये वाकून बघितलं आणि म्हणाले, "तळाला वास कोंडतोय वो, पंखा लावा की."

मला खरंच हसू आलं. पण करून बघितलं. एकाच डब्यातला जेलकोट, एकाच मापाचा हार्डनर, अर्धा प्लायच्या तुकड्यावर आणि अर्धा खोल बादलीच्या बुडाला, दोन्हीकडं सारखाच पातळ. प्लायवरचा तासाभरात धरला, बादलीतला तीन तासांनीही ओला! जेलकोटमधल्या स्टायरीन या द्रवाची वाफ हवेपेक्षा जड, ती खोल मोल्डच्या तळाशी पाण्यासारखी साठते आणि जेलकोट नीट धरू देत नाही. अशा कच्च्या थरावर दुसरा हात मारला की त्यातलं स्टायरीन खालच्या थरात मुरतं, तो फुगतो आणि सुरकुततो. सपाट-उथळ कामात असा खोल तळच नसतो, मग फायबरवाल्याला कुठनं कळणार.

म्हणजे माल चांगलाच होता, हे कबूल करतो. पण माझा राग गेलेला नाही. रोज हेच विकणाऱ्याला एवढंही माहीत नसावं? "मोल्ड किती खोल आहे" एवढा एकच प्रश्न फोनवर विचारला असता तर दोन मिनिटांचं काम होतं.

मग लाकडी पट्टीनं खरवडून सगळं काढलं, मोल्डला परत तीन हात मेण, मोल्ड एका कुशीवर कलता केला, घरचा टेबल फॅन तोंडाशी लावला, थेट जेलकोटवर वारा नको, वाफ नुसती बाहेर ओढली गेली पाहिजे. एक बाजू झाली की दुसऱ्या कुशीवर. तळ बाजूंइतकाच कडक झाला. पुढं चौरस मीटरला 300 ग्रॅमची मॅट (काचेच्या तंतूंची चटई), 450 ची, मग 600 चं रोव्हिंग (विणलेलं काचकापड), परत 450 ची मॅट, साडेतीन मिलीमीटरच्या आसपास जाडी, दोन दिवसांत संपलं. डेक, डोलकाठीचा ॲल्युमिनियम पाइप, सुकाणू, यात सांगण्यासारखं काही नाही. शीड आधी मिरजेत ताडपत्री शिवणाऱ्याकडून केलं, त्याला पोटच येईना, मग मुंबईहून सेकंडहँड आणलं.

हो, महत्त्वाचं राहिलंच, हे आधी सांगायला पाहिजे होतं: कोबाल्ट (रेझिन लवकर धरावं म्हणून घालतात तो) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर. आणि हार्डनर ओतताना चष्मा पाहिजेच, डोळ्यात थेंब गेला तर डोळा जाऊ शकतो.

फेब्रुवारीत नदीत उतरवली. काठ उंच, वारा पोचत नाही, पहिले पाऊण तास आम्ही वल्ह्यानंच गेलो, घाटावरची पोरं विचारत होती काका, इंजिन कुठाय. मग वळणावर वारा लागला आणि शीड भरलं. बायको काही बोलली नाही, नुसती कडेला धरून बसली. सेंटरबोर्डच्या (बोटीच्या पोटातनं पाण्यात सोडायची फळी) खोक्यातनं थोडं पाणी येतंय, ते या महिन्यात काढतो.

मोल्ड अजून आहे. तो टेबल फॅनही तिथंच शेडमध्ये, घरी नवीन घ्यावा लागला.