रज अल्स्टरचा शोध, अपडेट ३: टाकीवर एक, हेडमध्ये दुसरंच

शनिवारी शेवटी ती रज, म्हणजे जुनी ब्रिटिश मोटरसायकल, बघून आलो. जाहिरातीत '१९३६ रज अल्स्टर, चालू कंडिशन' असं होतं आणि मी राहतो कॉव्हेंट्रीत, जिथे ती बनली, त्यामुळे लेक माहेरी आणायची वगैरे स्वप्नं आदल्या रात्रीच बघून झाली होती. (रज म्हटलं की ज्यांना फक्त आजोबांची सायकल आठवते त्यांच्यासाठी: हो, तीच कंपनी.)

पोचल्या पोचल्या इंजिनला हात लावला तर कोमट. म्हणजे मालकांनी आधीच चालू करून ठेवलेली. थंड इंजिन कसं चालू होतं तेच तर बघायचं होतं. म्हटलं चहा घेऊ, थंड होऊ दे. तेवढ्यात पुढच्या चाकाशी उकिडवा बसून हेड, म्हणजे इंजिनचं व्हॉल्ववालं डोकं, बघत होतो आणि तिथेच माशी शिंकली.

अल्स्टर आणि तिच्याहून स्वस्त स्पेशल, रजचीच दोन मॉडेलं, दोन्ही ४९९ सीसी, दोन्हीला चार व्हॉल्व, लांबून जुळ्या बहिणी. पण त्या सालच्या अल्स्टरला इनलेटचे दोन व्हॉल्व समांतर आणि एक्झॉस्टचे दोन एकमेकांपासून फाकलेले, सेमी रेडियल म्हणतात ते, त्यामुळे रॉकरही (व्हॉल्व दाबून उघडणारे दांडे) जास्त. स्पेशलला दोन्ही जोड्या सरळ. इथे एक्झॉस्टचे दोघे शाळेच्या प्रार्थनेला उभे असल्यासारखे शेजारी शेजारी! म्हणजे ही स्पेशल. मालक म्हणे मी अल्स्टर म्हणूनच घेतली होती, आणि ते खोटं वाटलं नाही, बिचाऱ्यांनाही कोणीतरी असंच गंडवलं असणार. पण १९२८ ला ग्रॅहम वॉकरने अल्स्टर ग्रां प्री जिंकली त्यावरून पडलेलं नाव ते, पैसे त्या नावाचेच मागतायत.

बाकी गाडी गोड आहे हो. दुसऱ्या किकला चालू, आणि पायाचा ब्रेक दाबला की पुढचं मागचं दोन्ही लागतं, १९३६ साली! मग चांगली तापवली, बंद केली, परत किक. नऊ किका मारल्या, ढिम्म. बहुतेक मॅग्नेटोचा (इंजिनला ठिणगी देणारं यंत्र) कंडेन्सर, थंड असताना ठणठणीत आणि तापला की ठिणगी गायब. म्हणजे रिवाइंडिंगचा, मॅग्नेटोची तार नव्याने गुंडाळायचा, खर्च आलाच.

स्पेशलचा भाव वजा मॅग्नेटो असा आकडा सांगितला. चेहरा पडला त्यांचा, पण फाटकापर्यंत सोडायला आले, गुरुवारी फोन करतो म्हणाले. इकडे गॅरेजच्या कोपऱ्यातली गणपतीच्या सजावटीची खोकी हलवायला बायकोने चक्क हरकत घेतली नाही. तिला आकडा अजून सांगितलेला नाही.