ड्रायव्हरलेस गाडी आपल्याकडे कधीचीच आहे

सेल्फ ड्रायव्हिंग गाड्या आल्या की ट्रॅफिक सुटेल म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे, ज्यांच्याकडे पगारी ड्रायव्हर आहे त्यांच्यामुळे आजवर पुण्यातला कुठला रस्ता मोकळा झाला? मागच्या सीटवर बसणाऱ्याला काय, पुढे माणूस असो नाहीतर कॅमेरा आणि सेन्सर, स्टिअरिंग हातात नाही म्हणजे झालं. आता त्या गाडीचा दिवस बघा. सकाळी साहेबांना हिंजवडीला सोडलं, गाडी रिकामी घरी, मग मुलीला क्लासला, मग मॅडमना लक्ष्मी रोडला, तिथे पार्किंग मिळण्याचा प्रश्नच नाही म्हणून खरेदी होईपर्यंत चकरा मारत बसायचं, आणि संध्याकाळी परत रिकामी हिंजवडीला साहेबांना आणायला. गाडी एकच पण रस्त्यावर दोन-तीन गाड्यांचं काम करते, आणि त्यातला कितीतरी वेळ आत ड्रायव्हर सोडून कोणीच नसतं!

कॅलिफोर्नियात संशोधकांनी नेमकं हेच करून पाहिलं. खऱ्या सेल्फ ड्रायव्हिंग गाड्या तेव्हा मिळत नव्हत्या म्हणून सॅन फ्रान्सिस्को आणि आसपासच्या भागातल्या (बे एरिया) 13 जणांना आठवडाभर फुकट ड्रायव्हर दिला, 60 तास, हवं तसं वापरा. 2018 ला निकाल छापला तर गाड्यांचं एकूण अंतर 83 टक्क्यांनी वाढलेलं, त्यात मालक आत नसताना मारलेल्या खेपाही होत्या. 13 माणसं म्हणजे फारच कमी हे मान्य, पण आपल्या सोसायटीच्या गेटवर उभं राहिलं तरी हेच दिसेल. त्याच सॅन फ्रान्सिस्कोत 2010 ते 2016 मध्ये जे ट्रॅफिक वाढलं त्यातलं जवळपास निम्मं उबर-लिफ्टसारख्या ॲपवरून बोलवायच्या टॅक्सींमुळे होतं असं तिथल्याच सरकारी वाहतूक संस्थेने 2018 मध्ये सांगितलं, आणि या कंपन्यासुद्धा लोक स्वतःची गाडी घरी ठेवतील असंच सांगत होत्या.

बरं, या गाड्यांच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे. उगाच कचकन ब्रेक मारणं, त्यामुळे मागे लांबपर्यंत खोळंबा होणं, हे कमी होईल, गाड्या जास्त जवळून चालतील. एक्सप्रेसवेवर सगळ्याच गाड्या तशा असतील तर फरक पडेल. सिंहगड रोडला काय करणार? तिथे राँग साइडने येणारी ॲक्टिव्हा, मध्येच थांबलेली रिक्षा, दुभाजकावरून उडी मारणारे आजोबा, अशा प्रत्येकासाठी नियमाने थांबणारी गाडी राजाराम पूल ओलांडेपर्यंत दिवाळी येईल.

आणि मुळात हा जागेचा हिशेब आहे, गाडी कोण चालवतंय याचा नाहीच. शहरातल्या एका लेनमधून तासाला कारने जेमतेम हजार दीड हजार माणसं जातात, तीच लेन नुसती बसला दिली तर चार ते आठ हजार. हे आपल्याला माहीत नव्हतं असंही नाही, 2006 ला देशातली पहिली बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखलेली लेन, पुण्यातच सुरू झाली, मग त्या लेनमध्ये सगळे घुसले, कोणी अडवलं नाही, आणि पुढे बीआरटीच फेल आहे म्हणत काही ठिकाणी ती उखडूनही टाकली. बस नेटाने चालवली नाही आणि खापर बसवर!

गडकरी म्हणतात ड्रायव्हरलेस गाड्या भारतात येऊ देणार नाही, ड्रायव्हरच्या नोकऱ्या जातील. ठीक आहे, पण मला ड्रायव्हर नसण्याचं वावडं नाही. दिल्ली मेट्रोच्या मजेंटा लाइनवर डिसेंबर 2020 पासून ड्रायव्हरलेस ट्रेन धावतीये, ती शेकडो लोकांना घेऊन धावते म्हणून तिच्यामुळे ट्रॅफिक होत नाही, एवढं साधं आहे.

पुण्यात खरी बोंब स्टेशनच्या बाहेर आहे. मेट्रो झकास, वनाझला चढलो की गार हवेत सिव्हिल कोर्ट, पण उतरल्यावर पुढे काय? फुटपाथवर स्कूटर लावलेल्या, बस कधी येईल देवाला माहीत, रिक्षावाला जवळचं भाडं म्हटलं की मान हलवतो, मग माणूस म्हणतो जाऊदे, आपली गाडीच बरी. तिथे आणा ना ती टेक्नॉलॉजी, स्टेशनपासून कंपनीच्या गेटपर्यंत दर पाच मिनिटांनी बारा सीटची मिनीबस, हवं तर ड्रायव्हरशिवाय. फक्त तिच्यात एकट्याने पाय पसरून मोबाईल बघत बसता येणार नाही, आणि मला वाटतं खरी अडचण तीच आहे.